बेडशाचे खांब आणि मळवलीचा बंगला

कामशेतहून पवनानगरकडे जाताना बेडसे गावाचा फाटा लागतो. गावामागच्या डोंगरात सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास ती कोरली गेली, असे अभ्यासक मानतात. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांइतकी गर्दी येथे होत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला सवड मिळते. खडकात राखलेल्या अरुंद वाटेने आत गेले की एकदम समोर उंच अष्टकोनी खांब येतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल बसलेले आहेत आणि त्यांच्या पाठीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या आहेत. अलंकार भरपूर, वस्त्रे बेताचीच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा एक गट खंडाळ्याला दोन दिवसांच्या तपसाधनेसाठी गेला होता. परतीच्या वाटेवर मी त्यांना बेडशाला नेले. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा बराच वेळ मान वर करून त्या जोड्यांकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "फादर, दोन हजार वर्षांपूर्वी हे चालत होतं, तेही भिक्षूंच्या दारात. मग आमच्या मोबाइलवर जे असतं त्याचं एवढं काय?" बाकीचे हसले. मीही हसलो आणि घड्याळ पाहून सर्वांना खाली उतरायला सांगितले. अडचणीच्या प्रश्नातून सुटण्यासाठी धर्मगुरूला घड्याळ फार उपयोगी पडते. परंतु प्रश्न खरा होता आणि उत्तर देणे राहून गेले. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे उत्तर होय.

बेडशाच्या पायऱ्यांवरून खाली पवना खोरे दिसते. इंद्रायणी तांदूळ पिकवणारी भातखाचरे आणि त्यांच्यामधून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उगवलेले बंगले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि मावळ दोन्ही शहरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला. भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांचा व्यवसाय त्यानंतर फोफावला. २०२४ सालच्या मार्चअखेरीस लोणावळा ग्रामीण पोलिसांनी मळवली परिसरातील अशाच एका बंगल्यावर छापा घातला. आत अश्लील चित्रफितींचे चित्रीकरण चालू होते, असे पोलिसांनी सांगितले. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या डझनभराहून अधिक स्त्रीपुरुषांवर कारवाई झाली. ही बातमी वाचली तेव्हा आपण पुनरुत्थान सणाच्या तयारीत होतो. मळवली स्थानकात उतरून भाजे लेण्यांकडे आणि लोहगड-विसापूरकडे जाणारी वाट कितीतरी शाळांच्या सहलींच्या पायाखालची आहे.

दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. मला अस्वस्थ केले ते त्या बातमीच्या स्वागताने. माझ्या पाहण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर तीन-चार दिवस विनोद फिरले. बंगला नेमका कोणता, भाडे किती, ती चित्रफीत कोठे मिळेल, अशी चौकशी चांगल्या घरातील माणसे गमतीने करीत होती. पाचव्या दिवशी विषय संपला. आत असलेल्या स्त्रिया कोण होत्या, त्यांना काय सांगून आणले होते, पुढे त्या कोठे गेल्या, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मीदेखील त्या आठवड्यात प्रवचनात ते विचारले नाही.

समाजाने अश्लील चित्रणाचा स्वीकार केला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा हा स्वीकार कसा दिसतो हे पाहिले पाहिजे. पॉर्नोग्राफी चांगली आहे असे म्हणणारा माणूस आपल्या गावात क्वचितच भेटेल. बंगला भाड्याने देणारा म्हणतो, आत काय चालते ते पाहणे माझे काम नव्हे. चित्रफीत पुढे पाठवणारा म्हणतो, मी काही ती तयार केली नाही. वडील म्हणतात, वयच तसे आहे, आम्हीही पिवळी पुस्तके लपवून वाचली होतीच. आई म्हणते, आमचा मुलगा तसा नाही. सर्वत्र वावर आणि घरात मौन, अशी ही मान्यता आहे. निषेध करणारे व्यासपीठावर आणि पाहणारे पांघरुणात, असे म्हटले तर काहींना राग येईल, पण पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असतात.

याचे एक उदाहरण सीमेपलीकडचे आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत कर्नाटक विधानसभेच्या सभागृहात मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या आरोपावरून तीन मंत्र्यांना पदे सोडावी लागली. पाहण्याचे कारण त्यांनी वेगळे सांगितले होते, तो भाग निराळा. त्यांतील बेळगाव जिल्ह्यातील मंत्री २०१९ साली त्याच राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. माणसाला चूक सुधारण्याची संधी मिळू नये असे ख्रिस्ती माणूस कधीच म्हणणार नाही. प्रश्न इतकाच की, सात वर्षांत लोकांनी क्षमा केली होती की लोकांना त्यात क्षमा करण्यासारखे काही वाटेनासे झाले होते? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

हे बळ यायला तंत्रज्ञानाने मोठा हातभार लावला, हे उघड आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळेचा वर्गच मोबाइलमध्ये गेला. ज्या घरांत दहावीपर्यंत मुलाच्या हाती फोन द्यायचा नाही असा नियम होता, तेथे चौथीच्या मुलालाही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा उघडल्या, फोन मात्र परत घेतले गेले नाहीत. सरकारने बंदी घालून पाहिली. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ होताच काही दिवसांत तो सौम्य करण्यात आला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आठशेहून अधिक संकेतस्थळे बंद झाली. मळवलीच्या छाप्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १४ मार्च २०२४ रोजी, केंद्राने अश्लील मजकुराच्या कारणावरून १८ ओटीटी मंचांवर बंदी घातली होती. जुलै २०२५ मध्ये आणखी २५ मंचांची भर पडली. एक दार लावले की दुसऱ्या नावाने दुसरे उघडते. मागणी तेवढीच राहिली तर पुरवठ्याला बंगले कमी पडत नाहीत.

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे जाणून घेण्यासारखे आहे. आपल्या देशातील अश्लीलतेचा कायदा पुस्तकांच्या खटल्यांतून घडला आणि त्यांतले महत्त्वाचे खटले महाराष्ट्रातलेच आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरीही कर्वे यांना दंड भरावा लागला. संततिनियमनाच्या साधनांविषयी ख्रिस्तसभेचा आणि कर्वे यांचा मतभेद मूलभूत आहे. त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न चित्रेही आमच्या वडीलधाऱ्या धर्मगुरूंना रुचली नसती. पण या माणसाने वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना स्वतःच्या नावाने, उघडपणे उत्तरे दिली. आज ज्या प्रश्नांची उत्तरे आपली मुले चोरून अनोळखी चित्रफितींकडून मिळवतात, ते प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी लोक कर्वे यांना पत्रांतून विचारीत होते. आपण कर्वे यांचा निषेध केला असेल, त्यांची जागा मात्र भरून काढली नाही.

पुढे १९६४ मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला डी. एच. लॉरेन्स यांची कादंबरी विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने चंद्रकांत काकोडकर यांना निर्दोष ठरवले. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. या सर्व खटल्यांत विचारला गेलेला प्रश्न एकच होता: वाचणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी सोडून दिली आणि समकालीन समाजाची मानके काय आहेत ते पाहावे, असे ठरवले. साहित्य आणि कलेच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच होता. मात्र त्यातून एक अडचण उभी राहते. समाजाचे मानक हीच कसोटी असेल आणि समाज गप्प बसत असेल, तर गप्प बसणे हळूहळू कायद्याचे माप होऊन बसते. आपल्या मौनाला एवढी किंमत आहे, याची आपल्याला कल्पना नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा कायदा पुस्तकासाठी घडला होता. कादंबरीतील नायिकेला हाड-मांस नसते. तिला कोणी फसवून आणलेले नसते, तिचा भाऊ उद्या ते पान उघडून तिला ओळखणार नसतो. कॅमेऱ्यासमोर मात्र जिवंत माणूस उभा असतो. परिणाम पाहणाऱ्यावर काय होतो, हा प्रश्न तेथे दुसरा ठरतो. पहिला प्रश्न चित्रात असलेल्या व्यक्तीचा आहे. न्यायालयाने हे अलीकडे एका मर्यादित क्षेत्रात फार स्पष्टपणे सांगितले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण जवळ बाळगणे व पाहणे हाही 'पॉक्सो' कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्याच निकालात न्यायालयाने 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नये असे सांगितले. त्या शब्दामुळे असे चित्र हा करमणुकीचा एक प्रकार वाटतो, आणि त्यात एका बालकावर झालेला अत्याचार नोंदलेला आहे हे झाकले जाते. नाव बदलल्याबरोबर पाहणाऱ्याची नजर चित्रावरून मुलाकडे वळावी, हा त्यामागचा हेतू आहे. मला हा निकाल वाचताना संत योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवला.

तेथे व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला भर मंदिराच्या आवारात सर्वांसमोर उभे केले जाते. तिच्याबरोबरचा पुरुष कोठे आहे, हे कोणी विचारीत नाही. बघ्यांचे कडे तयार होते. येशू मात्र खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो. तो काय लिहीत होता यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे खाली पाहणे. ज्या ठिकाणी प्रत्येक डोळा तिच्यावर रोखलेला आहे, तेथे तो आपले डोळे काढून घेतो. गर्दी पांगल्यानंतरच तो तिच्याकडे वळून बोलतो, आणि त्या सबंध प्रसंगात तिच्याशी बोलणारा तो एकटाच आहे. डोंगरावरील प्रवचनातही, संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात, वासनेच्या नजरेची जबाबदारी येशू पाहणाऱ्या पुरुषाच्या हृदयावर टाकतो. स्त्रीने काय नेसले होते, याची चौकशी तो करीत नाही. त्या काळी हे ऐकणारे पुरुष चपापले असतील. आजही चपापतात.

आता बेडशाच्या खांबांकडे येऊ. त्या मुलाच्या प्रश्नामागे एक समजूत होती, ती आपणच त्याच्या मनात घातलेली आहे. शरीर दिसले की पाप, असे ख्रिस्तसभेचे म्हणणे आहे, असे त्याला वाटते. ते खरे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिली स्त्री आणि पहिला पुरुष विवस्त्र आहेत आणि त्यांना एकमेकांची लाज वाटत नाही. गीतरत्न हे संपूर्ण पुस्तक प्रियकर-प्रेयसीच्या शरीरप्रेमाचे आहे, आणि त्यात स्त्री पुरुषाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक बोलते. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटींत मानवी शरीराविषयी सव्वाशेहून अधिक धर्मबोध दिले. त्यांतले काही खास कलेतील नग्नतेविषयी आहेत. सिस्टीन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोने रंगविलेल्या काही विवस्त्र आकृतींवर नंतरच्या काळात वस्त्रे रंगविण्यात आली होती. जीर्णोद्धाराच्या वेळी त्यांतली काही वस्त्रे काढून टाकली गेली. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करताना याच पोपमहाशयांनी त्या जागेला मानवी शरीराच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हटले. तेव्हा शरीराला घाबरणारी ख्रिस्तसभा हे चित्र अपुरे आहे. काही धर्मगुरू घाबरतात, हे मान्य आहे.

बेडशाच्या जोड्यांकडे नीट पाहावे. त्या एका वाहनावर, एकमेकांच्या संगतीने बसल्या आहेत. त्यांच्या मुद्रेत संकोच नाही तसे प्रदर्शनही नाही. पाहणाऱ्याला त्या काही विकत नाहीत. आपण आलो काय आणि न आलो काय, त्यांचे एकमेकांबरोबर असणे चालू राहते. त्यांच्याखालून भिक्षू ध्यानाला आत जात होते, आणि ज्यांनी त्या लेण्याला दान दिले ते गृहस्थही आत जात असतील. भिक्षूंनी संसार सोडला होता, पण संसाराची अप्रतिष्ठा केली नव्हती. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या माणसाला हे पाहून बरे वाटते.

मळवलीच्या बंगल्यातील कॅमेरा नेमके उलटे करतो. तेथे दोन माणसे एकमेकांसाठी नसतात. तिसऱ्या, न दिसणाऱ्या, पैसे मोजणाऱ्या माणसासाठी असतात. पॉर्नोग्राफी या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द विकल्या जाणाऱ्या स्त्रीसाठी वापरला जाई, आणि त्या शब्दाचे नाते विकणे या क्रियापदाशी आहे. दोन हजार वर्षांत व्यवहार फारसा बदललेला नाही. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ या विषयावर एकच परिच्छेद लिहितो, पण त्यात कॅमेऱ्यासमोरचे, व्यापार करणारे आणि पाहणारे अशा तिघांनाही एकाच व्यवहाराचे भागीदार म्हणतो. पोप होण्याच्या वीस वर्षे आधी कॅरोल वोयतिला यांनी प्रेमाच्या विरुद्ध काय असते याचा विचार केला होता. द्वेष हे सर्वांना सुचणारे उत्तर आहे. त्यांचे उत्तर वेगळे होते: वापर.

येथे आजचा सुशिक्षित वाचक आक्षेप घेईल. प्रौढ माणसे स्वखुशीने करतात, प्रौढ माणसे खासगीत पाहतात, मग तुम्ही मध्ये कोण? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रौढ माणसाने एकांतात काय पाहावे यासाठी शेजारी पोलीस उभा करावा, असे माझेही मत नाही. परंतु 'स्वखुशी' हा शब्द तपासून घ्यावा लागतो. २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबईत मढ येथील बंगल्यावर गुन्हे शाखेने छापा घातला. मढ म्हणजे आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचे जुने गाव. वेब मालिकेत भूमिका देतो असे सांगून तरुणींना बोलावले जाई आणि आयत्या वेळी नग्न दृश्यांसाठी दबाव आणला जाई, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप सिद्ध होणे न होणे पुढची गोष्ट. पण घरापासून शेकडो मैलांवर, बंद बंगल्यात, सह्या केलेल्या कागदासमोर, परतीच्या भाड्याचे पैसे जवळ नसलेली एक मुलगी 'हो' म्हणते, त्या 'हो'चे वजन किती? आणि पाहणाऱ्याला ते कळणार कसे? डिसेंबर २०२० मध्ये जगातील सर्वांत मोठ्या अशा संकेतस्थळांपैकी एकाने, चढवणाऱ्याची ओळख पटलेली नाही अशा लक्षावधी चित्रफिती एका झटक्यात काढून टाकल्या. त्यांत कोण स्वखुशीने होते आणि कोण नव्हते, हे खुद्द दुकानदारालाही सांगता येत नव्हते. गिऱ्हाइकाने ते कशाच्या आधारावर गृहीत धरावे? त्यातच अलीकडे खोट्या चित्रांची भर पडली आहे. कोणत्याही मुलीचा शाळेच्या स्नेहसंमेलनातील फोटो घेऊन तिला विवस्त्र दाखवता येते. तिने तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा प्रसंगच आलेला नसतो.

पाहणारा हाही माणूस आहे, आणि त्याच्याविषयी आपण फार कठोर किंवा फार सैल बोलतो. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले काही मी येथे लिहिणार नाही. सर्वांना ठाऊक असलेली घटना सांगतो. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस पुण्यात अवघ्या काही दिवसांत दोन तरुणांनी आत्महत्या केल्या. समाजमाध्यमावर ओळख करून, त्यांची नग्न चित्रे मिळवून, ती सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन त्यांच्याकडून पैसे उकळले जात होते. पुढे तपासाचा एक धागा राजस्थानातील अलवर जिल्ह्यातील टोळीपर्यंत पोहोचला. हे वाचले त्या दिवशी मी आमच्या तरुण गटातील चेहरे एकेक करून आठवत बसलो होतो. ज्या समाजात अश्लील चित्रण इतके सर्वमान्य झाले आहे असे आपण म्हणतो, त्याच समाजात विशीच्या आतबाहेरच्या मुलाला 'माझ्याकडून असे झाले' हे सांगण्यासाठी एकही दार उघडे दिसू नये? चित्र पाहण्याला परवानगी, आणि त्यात सापडल्यावर तोंड दाखवायला जागा नाही. विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे, धमकी देणाऱ्यांना तर त्याहून जास्त.

म्हणून पुढील गोष्टी पालकांनी मुलांना एकदा तरी स्पष्ट सांगाव्यात. असे चित्र किंवा चित्रफीत गटावर पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व ६७-अ कलमांखाली गुन्हा आहे, 'फक्त फॉरवर्ड केले' हा बचाव नव्हे. मुलांचे तसले चित्रण फोनमध्ये आले तर ते ठेवू नये, पाठवू नये, पोलिसांना कळवावे. स्वतःचे खासगी चित्र कोणी प्रसारित केले तर, नियमांनुसार, तक्रार मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत ते काढण्याची कार्यवाही समाजमाध्यम कंपनीने करावयाची असते. धमकी आली तर पैसे देऊ नयेत. पैसे दिल्याने धमक्या थांबत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आणि या सर्वांआधी आई किंवा वडील, आणि तेही अवघड वाटले तर धर्मगुरू. आमचे दार वाजवायला रात्रीचे बारा वाजले असले तरी चालतील.

अर्थात, ते दार वाजवावे असे मुलाला वाटले पाहिजे. येथे आम्हा धर्मगुरूंना मान खाली घालावी लागते. ख्रिस्तसभेच्या सेवकांनीच मुलांवर अत्याचार केल्याच्या आणि वरिष्ठांनी ते झाकल्याच्या घटना अनेक देशांत उघड झाल्या. त्यानंतर पावित्र्यावरील आमचे प्रवचन ऐकणारा माणूस आधी आमच्या तोंडाकडे पाहतो, आणि त्याचे बरोबर आहे. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी रोममध्ये शिकणाऱ्या धर्मगुरूंशी व गुरुविद्यार्थ्यांशी बोलताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले होते की, हे व्यसन पुष्कळ सामान्य लोकांना आहे तसेच धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींनाही आहे, आणि फोनमध्ये असेल तर ते काढून टाका. आमच्या काळी गुरुविद्यालयात या विषयावर नैतिक ईशज्ञानाचा एक तास आणि गार पाण्याने आंघोळीचा सल्ला, एवढीच सामग्री मिळत असे. पोपमहाशयांच्या त्या दोन वाक्यांत अधिक मदत होती, कारण बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला आपल्याहून खालचा मानलेले नव्हते.

१९८९ साली समाजसंपर्कासाठीच्या परमधर्मपीठीय समितीने माध्यमांतील अश्लीलता व हिंसा यांवर एक पत्रक काढले होते. तेव्हा भारतात व्हिडिओ पार्लर होते, इंटरनेट नव्हते. तरीही त्यात पालक, शिक्षक, माध्यमव्यावसायिक, शासन अशा सर्वांना वेगवेगळे आवाहन होते, आणि पालकांचा क्रम वरचा होता. ते पत्रक आपल्याकडे कितीजणांनी वाचले, कोणास ठाऊक.

बेडशाहून परतल्यानंतर आम्ही धर्मग्रामात या विषयावर पालकांची सभा ठेवली. तीन रविवार मिस्सानंतर सूचना दिली. एक समुपदेशक बाईंनी अत्यंत साध्या मराठीत, कोणाला लाज वाटणार नाही आणि काही झाकलेही जाणार नाही, अशा रीतीने तासभर माहिती दिली. सभागृहात चाळीसेक माता होत्या. काहीजणी वहीत लिहून घेत होत्या. वडील तीन आले होते. बाकीचे बाहेर आवारात दुचाकींना टेकून सभा संपण्याची वाट पाहत उभे होते, आणि बहुतेकांच्या हातात फोन होता. तो प्रश्न विचारणारा मुलगाही दाराशी उभा राहून ऐकत होता. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. या वेळी ती सभागृहात न घेता आवारातच घ्यावी, असे त्याने सुचवले आहे.